पुण्याहून बेंगळुरूला बिऱ्हाड हलवताना: तयारी आणि पैशांचं वेळापत्रक

बदलीचं पत्र आलं की घरात पहिला प्रश्न निघतो, "ट्रकवाला किती घेईल?" आमच्याकडे सासूबाईंनी विचारला, शेजारच्या काकांनी विचारला आणि मीही आठवडाभर त्याच आकड्याच्या मागे होते. सगळं पार पडल्यावर वही काढून बेरीज केली, तर ट्रकचे पैसे एकूण खर्चाच्या जेमतेम आठवा हिस्सा निघाले. ओढाताण झाली ती दुसरीकडेच. नव्या घराची अनामत आधी भरावी लागते आणि जुन्या घराची नंतर परत मिळते. मधले तीन-चार आठवडे खात्यातून पैसे फक्त जात असतात. एकूण किती लागतील याचा अंदाज बहुतेक जण बांधतात. कोणत्या तारखेला किती लागतील हे फार थोडे मांडतात, आणि तिथेच नातेवाइकांना फोन करायची वेळ येते.

म्हणून हा लेख पहिल्यांदाच शहर बदलणाऱ्यांसाठी. उदाहरण पुणे-बेंगळुरूचं घेतलं आहे, कारण तो रस्ता मी स्वतः केला आहे. साधारण ८४० किलोमीटर, मध्ये राज्याची हद्द, पलीकडे वेगळी भाषा आणि घरभाड्याच्या वेगळ्या रीती.

वहीची दोन पानं

एका पानावर डावीकडे तारीख, मध्ये "जाणारे", उजवीकडे "येणारे". आमच्या वहीतलेच आकडे देते. तुमचे वेगळे असतील, पण रकाने हेच राहतील.

घर २ बीएचके, भाडं ३२,०००. अनामत पाच महिन्यांची, म्हणजे १,६०,०००. पहिल्या महिन्याचं भाडं ३२,०००. दलालाला एक महिन्याचं भाडं, आणखी ३२,०००. पुण्याचं घर ३१ तारखेपर्यंत आणि बेंगळुरूचं २४ पासून, म्हणून आठवड्याचं दुहेरी भाडं सुमारे ७,५००. ट्रक आणि पॅकिंग ३८,०००. घर बघायला केलेली फेरी आणि तिथला मुक्काम १२,०००. सगळ्यांचा शेवटचा प्रवास आणि वाटेतला मुक्काम ९,०००. नव्या घरात पहिल्या आठवड्यात घ्याव्याच लागणाऱ्या वस्तू (पडदे, गॅसची नळी, एसी बसवणं, नळाच्या तोट्या, कुलपं) २०,०००. बेरीज ३,१०,५००. वर दहा टक्के अडीअडचणीचे. म्हणजे साधारण साडेतीन लाख हाताशी हवेत, आणि यात शाळेची फी नाही, गाडीचा कर नाही.

आता उजवा रकाना. पुण्याच्या घराची अनामत ६०,०००, तीही चावी दिल्यावर आणि शेवटचं वीजबिल चुकतं केल्यावर. कंपनी देणार होती ५०,०००, पण बिलं सादर केल्यानंतरच्या पगारात. याचा अर्थ सामान बेंगळुरूत उतरलं त्या २८ तारखेला मधल्या रकान्यातले जवळपास सगळे पैसे गेलेले आणि उजवीकडे शून्य. ही तारीख तुमच्या वहीत आधीच लाल शाईने लिहून ठेवा. एखादी मुदत ठेव मोडायची असेल तर ती या तारखेच्या आधी, आणि मोडल्यावर किती व्याज बुडतं ते बँकेत विचारून.

कंपनी खर्च देणार असेल तर पत्रातला तो परिच्छेद दोनदा वाचा. रोख रक्कम आहे की बिलांवर परतावा? नोकरी वर्षाच्या आत सोडली तर परत घेणार का? जीएसटी क्रमांक असलेलंच बिल लागणार का? हे शेवटचं कळायला मला उशीर झाला असता, तर सगळ्यात स्वस्त ट्रकवाल्याच्या साध्या पावतीवर ५०,००० वर पाणी सोडावं लागलं असतं.

दोन महिने आधी: घर बघायची फेरी

फोटोंवरून बेंगळुरूत घर घेऊ नका. शनिवार-रविवारला जोडून एक सोमवार सुट्टी घ्या आणि त्या सोमवारी सकाळी साडेआठला नव्या घरापासून ऑफिसपर्यंत खरोखर जाऊन बघा. त्या शहरात अंतर किलोमीटरमध्ये मोजण्यात अर्थ नाही. व्हाइटफील्डला ऑफिस असेल तर मेट्रोच्या पर्पल लाइनजवळ घर पाहा. चल्लघट्ट ते व्हाइटफील्ड हा मार्ग २०२३ च्या ऑक्टोबरपासून सलग चालू आहे. इलेक्ट्रॉनिक सिटीसाठी आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र ही यलो लाइन २०२५ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. मेट्रोपासून चालत दहा मिनिटांवरचं थोडं महाग घर शेवटी स्वस्त पडतं, असं माझं मत आहे. रिक्षाचे पैसे वाचतात आणि संध्याकाळी घरी आल्यावर माणूस बोलण्याच्या स्थितीत असतो.

पुण्यात आपल्याला लिव्ह अँड लायसन्सची सवय असते: करार नोंदवायचा आणि अनामत दोन-तीन महिन्यांची. बेंगळुरूत पूर्वी दहा-दहा महिन्यांचं भाडं अनामत मागायचे. आता ते बरंच खाली आलं आहे, पण पाच-सहा महिने मागणारे मालक सर्रास भेटतात. इथे घासाघीस करायची असते. भाड्यात हजार रुपये कमी करून घेण्यापेक्षा अनामतीत एक महिना कमी करून घेतला तर सुरुवातीच्या ओढाताणीत जास्त उपयोग होतो. दुसरी तिथली रीत म्हणजे घर सोडताना रंगकामाचे म्हणून एक महिन्याचं भाडं अनामतीतून कापून घेतात, तुम्ही सहा महिने राहा की सहा वर्षं. हे कलम करारात आहे का, किती रक्कम लिहिली आहे, हे सही करण्याआधी बघा. घर घेतानाच रंग जुना असेल तर ते बोलून दाखवा आणि भिंतींचे फोटो मालकाला पाठवून ठेवा.

पाण्याबद्दल सरळ विचारा: कावेरीचं येतं की बोअरचं, की टँकर? २०२४ च्या उन्हाळ्यात त्या शहराने पाण्याची टंचाई चांगलीच सोसली. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये आहे की वेगळा वाटून घेतात, हेही विचारा. बोअरचं पाणी जड असतं, गीझर आणि वॉशिंग मशीनवर पांढरे थर चढतात.

सोसायटीत सामान आत आणण्याचे नियम त्याच फेरीत लिहून आणा. बऱ्याच मोठ्या संकुलांत सामान आणायला आधी अर्ज लागतो, ठरलेली फी असते, रविवारी परवानगी नसते, संध्याकाळी ठरावीक वेळेनंतर सर्व्हिस लिफ्ट बंद. ट्रक संध्याकाळी सातला पोचला तर रात्रभर फाटकाबाहेर उभा राहतो आणि थांबण्याचे पैसे तुमच्याकडूनच मागतो. ट्रक फाटकातून आत येतो का, लिफ्टमध्ये मोठं कपाट मावतं का, हेही बघून घ्या. मी लिफ्टचं दार टेपने मोजलं होतं. रखवालदार हसला, पण आमचं लोखंडी कपाट आडवं करून वर गेलं ते त्या मापामुळेच.

काय न्यायचं नाही

पॅकर्सवाला पैसे लावतो ते मुख्यतः सामान गाडीत किती जागा खातं यावर. त्यामुळे पैसे वाचवायची खरी जागा घासाघिशीत नसून तुमच्या माळ्यावर आहे.

एकेका वस्तूला एकच प्रश्न विचारा: ही तिथे नव्याने घ्यायला किती पडेल? प्लायवूडची कपाटं, बुकशेल्फ, दहा वर्षं जुना दिवाण अशा गोष्टी एकदा सुट्या केल्या की पुन्हा पहिल्यासारख्या घट्ट बसत नाहीत. त्या इथेच विका. जुना सोफा नेण्यात अर्धी गाडी जाते. उलट फ्रिज, वॉशिंग मशीन, चांगल्या गाद्या, सागवानी लाकूड आणि स्वयंपाकघरातली भांडी न्यावीत, कारण ती पुन्हा घ्यायला फार पडतात.

विकायला सहा आठवडे हातात ठेवा. शेवटच्या आठवड्यात विकायला काढलेली वस्तू भंगाराच्या भावाने जाते. सोसायटीच्या ग्रुपवर टाका, ओएलएक्सवर टाका. पितळी आणि तांब्याची जास्तीची भांडी मोडीत घालता येतात. जुन्या कपड्यांवर बोहारीण अजूनही स्टीलचं पातेलं देऊन जाते. पुस्तकांसाठी घरात भांडण झालं तरी चालेल, पण ते आत्ता होऊ द्या. पुस्तकं जागा कमी घेतात, पण वजन भयंकर.

पाटा-वरवंटा न्यायचा की नाही यावर आमच्याकडे दोन दिवस चर्चा चालली. हिशोबाने पाहिलं तर न्यायला नको होता. सासूबाई म्हणाल्या, "माझ्या सासूबाईंचा आहे, मी घेऊन येणार." तो आला. गोणपाटात गुंडाळून, वर "खाली ठेवा" असं लिहून. कुठलीही अशी एखादी गोष्ट प्रत्येकाला बिनहिशोबी नेऊ द्या. म्हाताऱ्या माणसांना तर नक्कीच.

पाच आठवडे आधी: कोटेशन

तीन ठिकाणांहून कोटेशन घ्या, आणि तिघांनाही घरी येऊन सामान बघायला सांगा. फोनवर "२ बीएचके आहे ना, होऊन जाईल" म्हणणाऱ्याचा आकडा सामान भरायच्या दिवशी वाढतो. बाल्कनी, माळा, पार्किंगमधली सायकल, कुंड्या, सगळं दाखवा.

आम्हाला आकडे आले ३१,०००, ३८,००० आणि ४६,०००. फरक कशाचा हे विचारलं तेव्हा कळलं की ३१,००० मध्ये जीएसटी नव्हता, बेंगळुरूतली वाराई (माल उतरवण्याची हमाली) नव्हती आणि माल "पार्ट लोड" जाणार होता. पार्ट लोड म्हणजे तुमच्यासोबत इतरांचं सामान. त्यात वाईट काही नाही, पण बहुतेकदा माल वाटेत गोदामात उतरतो आणि दुसऱ्या गाडीत चढतो. प्रत्येक चढ-उतारात काच आणि कोपरे जातात, आणि पोचायची तारीख कोणीच नक्की सांगत नाही. एकट्याचं थोडं सामान असेल तर पार्ट लोड घ्या. भरलेलं घर असेल तर स्वतंत्र गाडी घ्या, १४ फुटी किंवा १७ फुटी, नाहीतर निदान "वाटेत माल उतरवणार नाही" एवढं तरी कोटेशनवर लिहून घ्या.

कोटेशनवर या गोष्टी शब्दांत लिहिलेल्या हव्यात: पॅकिंगचं साहित्य कोणाचं, दोन्ही टोकांची वाराई, मजला आणि लिफ्ट, पलंग-कपाट सुटं करणं आणि जोडून देणं, टोल, जीएसटी, पोचण्याची तारीख, थांबण्याचे पैसे किती तासांनंतर. पुण्याच्या पेठेत राहत असाल तर आणखी एक: मोठी गाडी बोळात शिरत नाही. छोटा हत्ती (लहान टेम्पो) दोन-तीन फेऱ्या करून मोठ्या गाडीपर्यंत माल नेतो, त्याचे पैसे कोणाकडे? आमच्या कोटेशनवर बेंगळुरूकडचं "ट्रक ते लिफ्ट अंतर" लिहिलेलं नव्हतं. ट्रक तळघराच्या उतारावर जाईना, हमालांना शंभर पावलं जास्त चालावी लागली आणि त्याचे ३,५०० वेगळे मोजावे लागले. त्या माणसांच्या कष्टाचे पैसे होते, त्याबद्दल तक्रार नाही. ते आधी ठरवायला हवे होते, एवढंच.

फसवणुकीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण यात संसार अडकतो. नेहमीचा प्रकार असा: कमी आकडा सांगून माल भरायचा, मग वाटेतून फोन करायचा की वजन जास्त निघालं, आणखी पैसे पाठवा, नाहीतर गाडी पुढे जाणार नाही. नावाजलेल्या कंपन्यांच्या नावाशी मिळतीजुळती नावं घेऊनही लोक धंदा करतात. म्हणून बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी जीएसटी पोर्टलवर टाकून बघा. तो १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो आणि कर्नाटकातला २९ ने. पोर्टलवर दिसणारं नाव, कोटेशनवरचं नाव आणि पैसे ज्या खात्यात मागितले ते नाव, तिन्ही जुळली पाहिजेत. ऑफिसचा पत्ता पुण्यातला असेल तर एकदा जाऊन या. टोकन दहा टक्क्यांच्या आसपास द्या आणि थोडी तरी रक्कम माल उतरल्यावर देण्याची ठरवा. सगळे पैसे आधी मागणाऱ्याला नमस्कार करा.

"बॉर्डरवर ई-वे बिलाचे (मालवाहतुकीच्या जीएसटी परवान्याचे) पैसे लागतील" असं कोणी म्हणालं तर लक्षात ठेवा की वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. सील न फोडलेला नवा टीव्ही पाठवणार असाल तर मात्र त्याचं खरेदी-बिल सोबत द्या.

विमा. "इन्शुरन्स आहे मॅडम" एवढ्याने भागत नाही. विमा कंपनीची पॉलिसी तुमच्या नावाने निघणार की पॅकर्सवालाच आपल्या शब्दावर "रिस्क कव्हर" देतो, हे विचारा आणि पॉलिसीची प्रत गाडी निघण्याआधी मागा. वस्तूंची यादी करून प्रत्येकीपुढे आजची किंमत लिहा. हप्ता वाचवायला किंमत निम्मी लावली तर नुकसानीचे पैसेही त्याच प्रमाणात कापून मिळतात.

आणि बिल्टी. माल भरल्यावर ट्रान्सपोर्टवाला जी पावती देतो ती. तिच्यावर गाडी नंबर, नगांची संख्या, जाहीर किंमत, पाठवणारा आणि घेणारा, भाडं किती दिलं आणि किती बाकी, हे सगळं असलं पाहिजे. रस्त्याने मालवाहतुकीचा २००७ चा कायदा आहे. माल हरवला किंवा मोडला तर दाव्याआधी वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, आणि ती माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत. बिल्टी नसेल तर नोटीस कशाच्या आधारे देणार? बिल्टीचा फोटो दोघांच्या फोनवर ठेवा.

महिनाभर आधी: पुण्यातले कागद

घरमालकाला सूचना लेखी द्या, मेसेज चालतो, पण तारीख दिसली पाहिजे. करारात लॉक-इनचा काळ, म्हणजे ज्याच्या आत घर सोडता येत नाही तो, किती आहे ते बघा.

गॅस सिलिंडर ट्रकमध्ये घालायचा नाही, आणि चांगला पॅकर्सवाला घेणारही नाही. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करा, अनामत परत घ्या आणि टर्मिनेशन व्हाउचर (कनेक्शन बंद केल्याची पावती) नीट सांभाळा. बेंगळुरूच्या एजन्सीत तेच दाखवून नवं कनेक्शन मिळतं. तिथे अनामत पुन्हा भरावी लागते. गॅस-पुस्तिका सोबत ठेवा. शेगडी तुमचीच असते. पाइप गॅस असेल तर तो बंद करायचा अर्ज आठवडाभर आधी द्या.

मुलांच्या शाळेचं काम सर्वांत आधी सुरू करा आणि सर्वांत शेवटपर्यंत पाठपुरावा करा. राज्य मंडळाच्या शाळेतून परराज्यात जाताना शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागतात. त्यासाठी वेगळी फेरी पडते, आणि मे महिन्यात त्या ऑफिसात गर्दी असते. कर्नाटकात राज्य मंडळाच्या शाळा आपल्यापेक्षा साधारण पंधरा दिवस आधी, जूनच्या सुरुवातीलाच भरतात. तिथे २०१५ च्या कायद्याने शाळांत कन्नड शिकवणं सक्तीचं आहे. मोठ्या वर्गात जाणाऱ्या मुलाला कोणत्या पातळीपासून सुरू करतील, हे प्रवेशाआधी शाळेत विचारा. आमच्या मुलीने सुट्टीत अक्षरं गिरवायला घेतली होती. जूनमध्ये ती नवी राहिली, पण अगदी कोरी राहिली नाही.

बँकेच्या लॉकरमधलं सोनं, मूळ कागद, शैक्षणिक प्रमाणपत्रं, औषधं, लॅपटॉप यातलं काहीही ट्रकमध्ये जाता कामा नये. ट्रकमध्ये फक्त ते घालावं जे पैशांनी पुन्हा आणता येतं.

पॅकिंगचा आठवडा

पॅकर्सची माणसं एका दिवसात घर बांधतात, आणि चांगलं बांधतात. तुमचं काम आहे त्यांच्या हातात गोंधळ न देणं.

खोक्यांवर "किचन" लिहून उपयोग नाही, कारण सोळा खोकी किचनची निघतात. क्रमांक टाका आणि वहीच्या दुसऱ्या पानावर क्रमांकापुढे आतलं लिहा: "२७, पोळपाट, लाटणं, तवा, उलथनं, चहाचं पातेलं". क्रमांक खोक्याच्या वर टाकू नका, दोन बाजूंना टाका. थप्पी लागली की वरची बाजू दिसत नाही. शेवटी एकूण नग किती ते मोजा, आणि हाच आकडा बिल्टीवर आला पाहिजे. आमचे ६४ होते.

पुस्तकं लहान खोक्यांत, एकाला एक माणूस सहज उचलेल इतकीच. ताटं आणि काचेच्या बश्या आडव्या रचू नका, कडेवर उभ्या ठेवा आणि प्रत्येकीमध्ये कागद. लोणच्याची चिनी मातीची बरणी भरलेली पाठवायची नाही. लोणचं प्लास्टिकच्या डब्यात काढून स्वतःच्या सोबत, बरणी धुऊन, आत पंचे कोंबून, झाकण वेगळं बांधून. तेलाचे डबे, फिनेल, घासलेट, पेट्रोल, ॲसिड हे सगळं इथेच संपवा किंवा देऊन टाका.

फ्रिज एक दिवस आधी बंद करून पुसून कोरडा करा, दार थोडं उघडं ठेवा, आणि तो उभाच न्यायचा हे माणसांना सांगा. पोचल्यावरही काही तास तसाच उभा राहू द्या, मग चालू करा. फ्रंट-लोड मशीनच्या ड्रमला अडकवायचे बोल्ट खरेदीच्या वेळी मिळालेले असतात. ते शोधा, नाहीतर कंपनीच्या माणसाला बोलवा. एसी काढायला येणाऱ्याला गॅस आतच रोखून काढायला सांगा. टीव्हीच्या मागच्या वायरींचा फोटो काढून ठेवा. पलंगाचे स्क्रू एका पिशवीत घालून ती पिशवी पलंगाच्याच फळीला चिकटवा.

जून ते सप्टेंबरमध्ये हलणार असाल तर गाद्या आणि कपड्यांना आतून प्लास्टिक, बाहेरून पुठ्ठा. ट्रकवर ताडपत्री आहे म्हणणं पुरेसं नाही. बंद कंटेनरची गाडी मिळत असेल तर त्याला जास्त पैसे द्या.

एक पिशवी ट्रकमध्ये जात नाही: दोन दिवसांचे कपडे, टॉवेल, चादरी, टॉयलेट पेपर, बल्ब, एक्स्टेन्शन बोर्ड, चाकू-कात्री, चहा-साखर, छोटं पातेलं, इंडक्शन, देवघरातले देव. मालवाले दोन दिवस म्हणतात तेव्हा तीन धरा.

गाडी आणि माणसं

दुचाकी पॅकर्सबरोबर जाते किंवा रेल्वेच्या पार्सलने. रेल्वेने पाठवायची तर पेट्रोलची टाकी रिकामी लागते, आरसीची प्रत आणि ओळखपत्र लागतं, आणि स्टेशनावरच गोणपाटात बांधून देणारे असतात.

कार स्वतः चालवत नेणं मला आवडलं. खेड शिवापूर, आणेवाडी, तासवडे, किणी हे टोल ओलांडले की कोल्हापूरच्या पुढे कोगनोळीला कर्नाटकातला टोल लागतो. पहिल्या दिवशी हुबळी-धारवाडला थांबा. अंतर बरोबर अर्ध्यावर येतं आणि लहान मुलं, म्हातारी माणसं थकत नाहीत. दुसऱ्या दिवशी दावणगेऱ्याला बेण्णे डोसा. फास्टॅगमध्ये आधीच पुरेसे पैसे भरून ठेवा, आणि ट्रकच्या आधी तुम्ही पोचाल असं बघा. घर झाडून, दिवे-पंखे तपासून, कुठल्या खोलीत काय लावायचं ते ठरवायला एक संध्याकाळ हवी.

माल उतरताना

एकाने ट्रकपाशी उभं राहून नग मोजायचे, दुसऱ्याने वर दारात उभं राहून खोली सांगायची. वही ट्रकपाशी. हमाल कन्नड बोलणारे असतील तर तीन शब्द पुरतात: "निधानवागि" म्हणजे हळू, सांभाळून; "इल्ली इडी" म्हणजे इथे ठेवा; "एष्टु" म्हणजे किती. माझा उच्चार ऐकून त्यांनी दुरुस्त करून दिला आणि पुढची दोन तास सगळं हलक्या हाताने झालं. पाणी आणि चहा आधी सांगून ठेवा.

आमचे ६३ आले. ६४ वा नग म्हणजे इस्त्रीचं टेबल, ट्रकच्या केबिनमागे अडकलेलं. बिल्टीवर सही करण्याआधी मोजलं म्हणून ते सापडलं. नाहीतर गाडीबरोबर परत गेलं असतं. एखादं खोकं ओलं किंवा दबलेलं दिसलं तर तिथेच उघडा, फोटो काढा, आणि पोच देताना त्यावर "क्रमांक अमुक दबलेला मिळाला" असं स्वतःच्या अक्षरात लिहून मगच सही करा. कोरी सही दिली की विम्याचा दावा जवळपास संपतो.

पहिल्या काही आठवड्यांत

भाडेकरार हातात आला की त्यावर आधारचा पत्ता बदला, बाकीचे बरेच पत्ते त्यामागून बदलतात. मतदार यादीत स्थलांतरासाठी नमुना ८ भरायचा. वीजबिल बेस्कॉमचं, म्हणजे तिथल्या वीज कंपनीचं येतं. घरगुती २०० युनिटपर्यंत मोफत विजेची गृहज्योती योजना भाडेकरूंनाही आहे, त्यासाठी बिलावरचा आरआर नंबर (वीजजोडणीचा क्रमांक) मालकाकडून मागून घ्या. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल आणि घरभाडे भत्त्याची सूट घेत असाल तर मालकाचा पॅन लागतो. तो करारातच लिहून घेणं सोपं.

शेवटचं काम गाडीचं, आणि ते लोक सर्वांत जास्त पुढे ढकलतात. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी पुण्याच्या आरटीओकडून नमुना २८ वर ना हरकत घ्यायची: चासी नंबरचा ठसा, आरसी, विमा, पीयूसी, कर्ज असेल तर बँकेचं पत्र, आणि थकलेली चलनं आधी भरलेली. हे शक्यतो पुणे सोडण्याआधी करा, नंतर त्यासाठी फेरी पडते. बेंगळुरूत नमुना २७ भरून, गाडीच्या वयाप्रमाणे तिथला आजीवन कर भरून नवा नंबर मिळतो. नवी गाडी घेणार असाल आणि तुमची कंपनी चार किंवा जास्त राज्यांत असेल तर २०२१ पासून आलेली बीएच मालिका (राज्य बदललं तरी चालणारा नंबर) बघा. त्यात कर दोन-दोन वर्षांचा भरतात आणि ही यातायात टळते.

कर्नाटकचा कर भरला की महाराष्ट्रात आधी एकरकमी भरलेल्या करातला उरलेल्या काळाचा हिस्सा परत मागता येतो. नव्या आरसीची प्रत आणि जुन्या कराची पावती जोडून पुण्याच्या आरटीओत अर्ज करायचा. वहीच्या पहिल्या पानावर, उजव्या रकान्यात, अनामत आणि कंपनीच्या पैशांच्या खाली ही तिसरी ओळ आजच लिहून ठेवा, आणि समोर अर्ज दिल्याची तारीख टाकायला जागा सोडा.